मामाच्या कॅसेटची बी बाजू: जुडास प्रीस्टचा 'टर्बो' खरंच बकवास आहे का?

पायताण_आणि_पेडल

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी शाहूपुरीत आजोळी माळा आवरायला गेलो होतो. आजीला पितळेची घागर हवी होती. घागर सापडली नाही, पण बुटाच्या खोक्यात मामाच्या अकरा कॅसेटी सापडल्या. दहा हिंदी सिनेमाच्या. अकरावी टीडीके ९०, म्हणजे नव्वद मिनिटांची, आणि तिच्या कार्डावर निळ्या शाईत लिहिलेलं: 'ए – जुडास प्रीस्ट, ब्रिटिश स्टील. बी – टर्बो'. टर्बोच्या पुढं दुसऱ्या पेनानं ठळक 'बकवास'. आणि त्या 'बकवास'वर नंतर कधीतरी आडवी रेघ मारून ते खोडलंय.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ड्रम वाजवतो. जुडास प्रीस्ट हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड म्हणजे माझ्यासाठी आजवर 'पेनकिलर' हा अल्बम एवढंच, कारण त्याच्या सुरुवातीचा ड्रमचा तुकडा आला नाही तर आमच्यात कुणाला ड्रमर म्हणत नाहीत. (मला अजून आलेला नाही. डावा पाय दीड मिनिटात संपावर जातो.) शेजारच्या आजोबांचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि दोन्ही बाजू ऐकल्या.

ए बाजू जगात भारी. फक्त शेवटचं 'स्टीलर' संपलं, जरा खरखर झाली आणि अचानक ऑर्गन-तबल्यासकट नाट्यगीत सुरू! ते पूर्ण होऊन दुसरं लागलं आणि अर्ध्या तानेत टेप संपली. हे काय प्रकरण आहे मला कळलेलं नाही.

खरा प्रश्न बी बाजूचा. मला टर्बो आवडला. आवडल्यावर भीती वाटली, की आवडायला नको होता की काय. नेटवर बघितलं तर एका यादीत तो तळातून तिसरा, दुसरीकडं 'काळाच्या पुढचा', तिसरीकडं 'ह्यांनी माती खाल्ली ती इथं'. गाणी तीच नऊ. मामाला नाशिकला फोन केला तर म्हणाला, मीटिंगमध्ये आहे.

जाणकारांनी सांगा: टर्बो बकवास आहे का? आणि एकाच बँडच्या अल्बमांचा भाव दर दहा वर्षांनी असा वर-खाली होतो कसा?

---

एडीचा_पावणा

प्रीस्ट सोड भावा, आयर्न मेडन धर. मेडनच्या कॅसेटीत नाट्यगीत निघत नाही.

टर्बो म्हणशील तर लेदर जाकिटातला डिस्को आहे. रेघ मामानं चुकून मारली असणार.

---

कुपोला_काका

बाळा, तुझं ते नाट्यगीत वाचलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

१९८७ ते १९९० मी सकाळी आयटीआय, मग अप्रेंटिस, आणि संध्याकाळी सहा ते नऊ राजारामपुरीत एका दुकानात कॅसेटी भरून द्यायला बसायचो. तुझ्या पिढीला सांगायला पाहिजे: कोरी कॅसेट आणायची, भिंतीवरच्या यादीतनं दोन अल्बम निवडायचे, चार दिवसांनी भरून न्यायची. आमचे मालक पक्के नाटकवाले. कोरी टेप त्यांना बघवायचीच नाही. 'गिऱ्हाइकानं नव्वद मिनिटांची कॅसेट आणली तर नव्वद मिनिटं वाजली पाहिजे' हा त्यांचा धर्म. ब्रिटिश स्टील छत्तीस मिनिटांचा, बाजू पंचेचाळीसची. उरलेल्या नऊ मिनिटांत ते स्वतःच्या आवडीची पदं घालायचे. कोल्हापुरातल्या निम्म्या हेवी मेटलवाल्यांना त्यामुळं नाट्यपदं तोंडपाठ झाली. निम्मे म्हणजे आम्ही चौघं.

तवा कार्ड बाहेर काढ आणि आतल्या घडीवर लाल पेनानं नंबर आहे का बघून सांग. तो असला तर कॅसेट आमच्याच दुकानची.

आता टर्बो. ती रेकॉर्ड निघाली १९८६ ला, आमच्या दुकानात १९८७ च्या पावसाळ्यात आली. बोटीवर नोकरीला असलेलं एक गिऱ्हाईक होतं, सुट्टीवर आला की रेकॉर्डी आणायचा आणि आमच्याकडं भरायला द्यायचा, त्याच्या बदल्यात त्याचं भरून फुकट. आम्ही चौघं शटर अर्धं ओढून बसलो. पिन टेकवली. तोवर आम्ही ब्रिटिश स्टील, 'स्क्रीमिंग फॉर व्हेन्जन्स', 'डिफेंडर्स ऑफ द फेथ' ह्याच्यावर वाढलेलो. 'टर्बो लव्हर'ची सुरुवात ऐकली तर गिटार कुठाय? गिटारीला सिंथेसायझर जोडलेला, सगळं कसं गुळगुळीत, पॉलिश मारल्यागत. एकजण म्हणाला, 'पिन बदला.' दुसरा उठून गेला तो आठवडाभर आला नाही. मी काउंटरवर बसून पुढचं वर्षभर गिऱ्हाइकांना सांगायचो की बी साइडला दुसरं काहीतरी घ्या, हे बकवास आहे. तुझ्या मामाला पण मीच सांगितलं असेल.

आणि आता आकडे बघ, म्हणजे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल. टर्बो अमेरिकेत प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाखांचा टप्पा. चार वर्षांनी, १९९० ला, पेनकिलर आला. तो गोल्ड, पाच लाख. आज कुठलीही यादी काढ, पेनकिलर वरच्या दोन-तिनात आणि टर्बो तळाला. ज्यांनी टर्बो विकत घेतला ती माणसं गेली कुठं? कुठं गेली नाहीत. गप्प बसली.

पेनकिलरचं माझं दुःख वेगळंच. तो अल्बम सेहेचाळीस मिनिटांचा आहे आणि टीडीकेची बाजू पंचेचाळीसची. शेवटचं 'वन शॉट ॲट ग्लोरी' जोरात येत असायचं आणि खाट्कन बंद. टेप संपली. ते गाणं कसं संपतं हे मला एमपी३ची सीडी मिळेपर्यंत माहीत नव्हतं. दहा-बारा वर्षं मी मनातल्या मनात त्याला वेगवेगळे शेवट लावले. खरा शेवट ऐकला तेव्हा माझा एक शेवट जास्त बरा होता असं वाटलं, पण असू दे.

उलटं उदाहरण 'सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी'. १९७६. लहान कंपनीनं काढलेला, हातात पैसा नाही. रेकॉर्डिंगच्या दिवसांत पोटासाठी कुणी माळीकाम करतोय, कुणी कारखान्यात जातोय, कुणी डिलिव्हरीची गाडी चालवतोय. आला तेव्हा फार कुणी विचारलं नाही. पुढं बँड मोठ्या कंपनीकडं गेला आणि पहिले दोन अल्बम जुन्या कंपनीकडंच अडकून पडले. अमेरिकेत गोल्ड झाला तो १९८९ ला, तेरा वर्षांनी. तेव्हा कुठं लोक म्हणायला लागले की अरे, पुढं जे हेवी मेटल झालं त्याचा साचा हाच. पहिला 'रोका रोला' तर त्याहून वाईट नशिबाचा: १९७४ चा, आवाज असा मुका की बँडच त्याच्यावर नाराज. त्याला २०२४ मध्ये त्यांच्या जुन्याच निर्मात्यानं, टॉम ॲलमनं, नव्यानं मिक्स केलं. पन्नास वर्षांनी रिमेल्ट!

ब्रिटिश स्टीलबद्दल मात्र मी निःपक्षपाती बोलू शकत नाही. मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत मेल्टिंगला आहे. आधी कुपोला भट्टी, कोक आणि धूर. आता इंडक्शन फर्नेस, बटनं आणि तेवढाच घाम. हे गडी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम-वॉल्सॉल पट्ट्यातले, म्हणजे आपलं शिरोली-उद्यमनगरच समज. गिटारवाला ग्लेन टिप्टन खरोखर ब्रिटिश स्टील कंपनीत कामाला होता. गायक रॉब हॅलफर्ड वॉल्सॉलचा, त्याच्या शाळेच्या वाटेवर लोखंडाची भट्टी. १९८० च्या सुरुवातीला तिकडं पोलाद कामगारांचा तीन महिने संप चालला, तेव्हाच हा अल्बम रेकॉर्ड होत होता. संप मिटला एप्रिलच्या सुरुवातीला आणि त्याच एप्रिलच्या मध्याला अल्बम बाजारात. मुखपृष्ठावर ब्लेड. किंमत ठेवली तीन पौंड नव्व्याण्णव पेन्स आणि जाहिरातीत 'स्टील'चं स्पेलिंग बदलून चोरीवाला शब्द केला.

रेकॉर्डिंग केलं बीटल्सवाल्या रिंगो स्टारच्या बंगल्यात, तो आधी जॉन लेननचा होता. तिथं स्टुडिओ असताना हे लोक घरातच घुसले. 'मेटल गॉड्स'मध्ये यंत्रमानव चालत येतात तो खणखणाट ऐक. ते चमचे-सुऱ्यांचा ट्रे हलवून काढलेला आवाज आहे. 'ब्रेकिंग द लॉ'मध्ये काच फुटते ती दुधाची बाटली. तेव्हा तयार आवाज कॉम्प्युटरमधनं ओढायची सोय नव्हती. आमच्या फेटलिंगला पोरं दिवसभर कास्टिंगच्या कडा घासतात, तिथं 'ग्राइंडर' हे गाणं मी एकदा मोबाइलवर लावलं. कुणाला काही फरक पडला नाही, मशीनच्या आवाजात ते ऐकूच आलं नाही.

मग टर्बोवरची माझी रेघ. हो, मी पण मारली. १९९३-९४ ची गोष्ट. नाइट शिफ्ट, पावसात लाइट गेली, भट्टीत हीट (वितळलेलं लोखंड) तयार. ती थंड होऊ नये म्हणून दीड तास धावपळ, आणि पहाटे घरी आलो तर झोप येईना. हाताला लागेल ती कॅसेट लावली, बी बाजू निघाली. 'आउट इन द कोल्ड'. सहा मिनिटांचं, संथ. ऐकता ऐकता कळलं की हॅलफर्ड इथं जे गातोय ते वरच्या गुळगुळीतपणाला न जुमानता गातोय. आमच्याकडं काही कास्टिंग दिसायला चकाचक असतात आणि मशीनवर टूल लागलं की आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी. टर्बो त्याच्या उलटा निघाला. सगळा नव्हे. 'पॅरेंटल गायडन्स'ला मी अजून माफ केलेलं नाही. अमेरिकेतल्या काही पुढाऱ्यांच्या बायकांनी घाणेरड्या गाण्यांची यादी केली, त्यात प्रीस्टचं एक गाणं होतं, त्याला उत्तर म्हणून हे लिहिलं. उत्तर द्यायचं तर नीट द्या की! ते शाळेच्या गॅदरिंगचं गाणं झालंय.

एक मजा सांगतो. शेवटचं 'रेकलेस' टॉम क्रूझच्या त्या लढाऊ विमानांच्या सिनेमासाठी मागितलं होतं. ह्यांनी नाही म्हटलं. सिनेमा पडेल असं वाटलं त्यांना. त्या सिनेमाच्या गाण्यांचं पुढं काय झालं ते जगाला माहीत आहे.

आणि पावण्या, तुझ्या मेडननं पण त्याच १९८६ ला 'समव्हेअर इन टाइम'मध्ये गिटारीला सिंथेसायझर लावला होता. त्यांना कुणी डिस्को म्हटलं नाही. कारण त्यांची गाणी सहा-सात मिनिटांची आणि चेहरे गंभीर होते, ह्यांची गाणी पोरीबाळींची आणि केस फुगवलेले. आमचा राग बहुतेक केसांवर होता.

शिफ्टला निघतो. नंबर बघ.

---

शाहूपुरी_ते_हिंजवडी

काका, लिहिलंय झकास, पण तुम्ही टर्बोला जुन्या ओळखीचा डिस्काउंट देताय. पहाटे तीनला भट्टी वाचवून आलेल्या माणसाला कुठलाही अल्बम चांगला वाटेल.

मी २००५ ची भरती. हॅलफर्ड अकरा-बारा वर्षं बँडबाहेर राहून २००३ ला परत आला आणि २००५ ला 'एंजल ऑफ रेट्रिब्युशन' निघाला, तिथून माझी सुरुवात. त्यामुळे १९८७ मध्ये राजारामपुरीत कुणाचं मन दुखावलं ह्याचं ओझं माझ्यावर नाही. टर्बो मला ना काळाच्या पुढचा वाटतो ना बकवास. तीन गाणी चांगली, सहा भरती. तसंही तो आधी दोन रेकॉर्डींचा करायचा बेत होता, 'ट्विन टर्बोज' नावानं. त्यातलं उरलेलं काही १९८८ च्या 'रॅम इट डाउन'मध्ये गेलं. दोन अर्धवट अल्बमांपेक्षा एक धड निघाला असता.

पायताण, तुला खरा अनाथ अल्बम ऐकायचा असेल तर 'पॉइंट ऑफ एंट्री' ऐक, १९८१. ब्रिटिश स्टील आणि स्क्रीमिंगच्या मध्ये चेंगरलेला. अमेरिकेतलं मुखपृष्ठ म्हणजे वाळवंटात रस्त्याच्या जागी कॉम्प्युटरचा छिद्रांचा लांबलचक कागद. असलं कव्हर बघून कोण विकत घेणार? पण 'डेझर्ट प्लेन्स' कानात घालून रात्री पुणे-कोल्हापूर गाडी चालवून बघ, कराड कधी गेलं कळणार नाही.

दुसरा अनाथ 'जुग्युलेटर', १९९७. हॅलफर्ड गेल्यावर ह्यांनी ओहायोतल्या ॲक्रनचा एक पोरगा घेतला, टिम ओवेन्स. तो प्रीस्टचीच गाणी वाजवणाऱ्या बँडमध्ये गात होता, त्याची चित्रफीत बघून बोलावलं. त्याला 'रिपर' हे नाव पडलं तेही प्रीस्टच्याच गाण्यावरून. माणूस गातो जबरदस्त. अल्बम मात्र दोन्हीकडून मार खातो: जुन्या लोकांना तो प्रीस्ट वाटत नाही, आणि नव्या लोकांना बरीच वर्षं स्ट्रीमिंगवर सापडतच नव्हता. जो अल्बम शोधला तरी मिळत नाही त्याचा भाव वाढणार कसा? लोक आधीची मतंच पुढे ढकलत राहतात. माझ्याकडे तो होता, कॉलेजातल्या मैत्रिणीच्या भावानं जाळून दिलेल्या सीडीवर, आणि त्यावर मार्करनं लिहिलं होतं 'जुगुलेटर (खराब)'. तुमच्या मामांसारखीच माणसं सगळीकडे. त्यातलं शेवटचं 'कॅथीड्रल स्पायर्स' नऊ मिनिटांचं आहे, तेवढं ऐक आणि मग 'खराब' म्हण.

'नॉस्ट्राडेमस'बद्दल मी मौन पाळते. दोन सीड्या, शंभर मिनिटांच्या वर, आणि मी तो दोनदा पूर्ण ऐकलाय, एकदा तर इस्त्री करताना. तोही वर येईल एक दिवस असं लोक म्हणतात. येऊ दे, मी बाजूला सरकेन.

काकांच्या आकड्यांत एक माझा जोडते. इंग्लंडच्या यादीत ब्रिटिश स्टील १९८० ला चौथ्या क्रमांकावर गेला होता. तो त्यांचा उच्चांक. २०१८ चा 'फायरपॉवर' पाचवा आला, हुकला. उच्चांक मोडला २०२४ च्या मार्चमध्ये, 'इन्व्हिन्सिबल शील्ड' दुसऱ्या क्रमांकावर गेला तेव्हा. चव्वेचाळीस वर्षांनी. हॅलफर्ड तेव्हा बहात्तर वर्षांचा, टिप्टनला पार्किन्सन्स, तो २०१८ पासून दौऱ्यावर जवळजवळ नाहीच. आता विकले जाणारे एकूण अल्बमच कमी झालेत, त्यामुळे आजचा दुसरा क्रमांक आणि तेव्हाचा चौथा ह्यांची थेट तुलना करू नये हे मला कळतं, नोकरीच आकड्यांची आहे. पण त्या शुक्रवारी ऑफिसात मी पेढे वाटले. कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

---

एडीचा_पावणा

समव्हेअर इन टाइमची तुलना टर्बोशी? काका, वय झालं तुमचं.

(पण 'डेझर्ट प्लेन्स' ऐकलं. बरं आहे. कुणाला सांगू नका.)

---

पायताण_आणि_पेडल

काका! नंबर आहे! कार्डाच्या आतल्या घडीला, लाल पेनानं, कोपऱ्यात: ६४. मी अंगावर काटा आल्यासारखा बसलोय.

ताई, 'कॅथीड्रल स्पायर्स' ऐकलं. सुरुवात लांबवलीय, पण नंतर उचलतं. ड्रम स्कॉट ट्रॅव्हिसचेच आहेत हे बघून बरं वाटलं, म्हणजे पेनकिलरवालाच. माझा डावा पाय त्यालाही नाही म्हणाला.

मामाचा फोन आला अखेर. रेघेबद्दल विचारलं. म्हणाला, 'अरे, पेन चालत नसेल तर आपण कुठंतरी गिरवून बघतो, तसं असेल.' म्हणजे मी चार दिवस ह्या रेघेवर विचार करतोय आणि ती पेनची चाचणी. मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, 'त्यात ते थंडीवालं गाणं आहे ना, अजून वाजतंय का नीट?' मी म्हटलं वाजतंय. म्हणाला, 'मग फेकू नको.'

काका, एक विचारायचं होतं. तुमच्याकडे त्या दुकानातली कुठली कॅसेट आहे अजून?

---

कुपोला_काका

६४! म्हणजे १९८७ चीच, बहुतेक गणपतीच्या आधीची. आणि थंडीवालं गाणं म्हणतोय म्हणजे पेन चाचणीबिचणी काही नव्हती. मामाला सांगू नको मी असं म्हणालो.

माझ्याकडं एकच उरलीय, नंबर १७१. हाच जोड, ए ब्रिटिश स्टील, बी टर्बो. बाकीच्या चाळीसेक २०१९ च्या पुरात गेल्या. आम्ही तेव्हा शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला खालच्या मजल्यावर राहायचो. पाणी चढतंय म्हटल्यावर गॅस सिलिंडर, कागदपत्रं, आईची औषधं वर नेली. खाटेखालचं खोकं आठवलंच नाही. पाच-सहा दिवसांनी पाणी उतरलं तर खोक्यात कॅसेटी नव्हत्या, चिखलाच्या विटा होत्या.

१७१ तेवढी वाचवली, कारण ती प्लास्टिकच्या पिशवीत होती, नुसतं पाणी गेलेलं, गाळ कमी. पाच स्क्रू काढले, कॅसेट उघडली. टेपची गुंडाळी बोटावर घेऊन बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात हळूहळू धुतली, नळाचं पाणी लावलं असतं तर वाळल्यावर क्षाराचे डाग धरले असते. मग घरभर दोऱ्या बांधून टेप वाळत घातली. ह्या खुंटीपासून त्या खिडकीपर्यंत, पंखा एकावर. सव्वाशे-दीडशे मीटर टेप असते नव्वदच्या कॅसेटीत, तवा एका वेळी थोडी थोडी. बायको दोन दिवस वाकून घरात फिरली, शेवटी म्हणाली, 'ह्यापेक्षा मासे वाळवा, निदान खाता येतील.' मग दुसऱ्या कॅसेटीचं कवच घेऊन त्यात भरली.

वाजते. पण ए बाजूचा शेवट आणि बी बाजूची सुरुवात टेपवर एकाच जागी असतात, आणि नेमकी तीच जागा भिजून खराब झाली. नाट्यगीत गेलं, आणि 'टर्बो लव्हर' रंकाळ्यात बुडवून वाजवल्यागत येतं. तिसऱ्या गाण्यापासून सुधारतं.

आता तुला एक विचारतो. 'युनायटेड' ऐकलंस ना? ते घोषणेसारखं गाणं. त्यात दुसऱ्यांदा सगळे मिळून म्हणतात तिथं उडी आहे का? 'युनाय– युनाय–' असं? नीट ऐकून सांग.

---

पायताण_आणि_पेडल

आत्ताच दोनदा ऐकलं. उडी नाही. सरळ वाजतंय.

---

कुपोला_काका

वाटलंच.

१९८८ च्या गणपतीत मी ती रेकॉर्ड मालकांना न विचारता आमच्या मंडळात नेली होती. दुकानचा प्लेअर पण नेला, सायकलच्या कॅरिअरला बांधून. आरती झाली, म्हातारी माणसं घरी गेली, अकरा वाजता मी मांडवात टेबलावर सगळं मांडलं आणि 'युनायटेड' लावलं. त्याचं धृपद असं आहे की शब्द कळले नाहीत तरी पोरं हात वर करून ओरडतात. ओरडली पण. दुसऱ्या वेळी सगळे ओरडायला लागले आणि आमच्यातला एक दांडगा पोरगा टेबलाला टेकला. पिन आडवी सरकली. मी रेकॉर्ड उजेडात धरली तर केसाएवढी रेघ, एका टोकापासून बोटभर.

मालकांना सांगितलं नाही. बोटीवाल्याला सांगितलं नाही. सकाळी रेकॉर्ड खोक्यात जागेवर ठेवली आणि त्यानंतर ब्रिटिश स्टीलच्या जेवढ्या कॅसेटी भरल्या त्या सगळ्यांत त्या जागी उडी गेली. एका गिऱ्हाइकानं विचारलं तर मी म्हणालो, मूळ गाणंच तसं आहे. माझ्या १७१ मध्ये पण आहे. मी ते गाणं म्हणतो तेव्हा उडीसकट म्हणतो, मोबाइलवर सरळ वाजलं की मला चुकल्यागत वाटतं.

तुझी ६४ आधीची. त्या रेकॉर्डचा धड आवाज असलेली, मला माहीत असलेली ती एकच. आणि मालकांची पदं पण त्यात शाबूत आहेत. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली.

टेप परत परत चालवू नको, शेजारच्या मशीनचं हेड किती वर्षांत पुसलेलं नसेल कुणास ठाऊक. माझ्याकडं डबल डेक आहे, रबर बेल्ट मागच्याच महिन्यात बदललाय, आणि न फोडलेली एक टीडीके ९० पण आहे. सोमवारी फौंड्रीला सुट्टी असते. कॅसेट घेऊन ये, येताना ती पिशवीत घाल, आभाळ भरलंय.